नवरदेवाच्या गाडीचा लाल काटा

भूपेशच्या लग्नाला निघालेली जीप शहादा ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागते न लागते, तोच रूपचंदमामांनी करकचून ब्रेक दाबला. मागच्या बाकांवर दाटीनं बसलेल्या करवल्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरदेवाच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सरकून कानामागे गेल्या. त्याची आई मंगलाबाई मांडीवर लाडवांची पाटी घेऊन बसल्या होत्या; त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळली म्हणून पाटी वाचली.

"काटा लालवर गया!" मामा ओरडले. "गाडी तापनी!"

त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बॉनेट उघडलं. मागून बॅण्डवाल्यांची पिकअप येत होती, तीही थांबली. निघताना मंगलाबाईंनी बॅण्डवाल्यांना बजावलं होतं, "नवरदेवनी गाडी जठे थांबी, तठे वाजाडानं. कंजुषी करानी नही." बॅण्डवाले शब्दाला पक्के. पिकअपची चाकं थांबतात तोच हौद्यात ढोल घुमला, ट्रम्पेट किंचाळलं, आणि गाडी चालवणारा मिथुन उडी मारून मागे गेला आणि की-बोर्डवर बसला. कारण बॅण्डचा ड्रायव्हर तोच आणि की-बोर्डवालाही तोच.

करवल्यांना नाचायला कारण लागत नव्हतं. पपईच्या मळ्यासमोर, रस्त्याच्या कडेला त्यांनी फेर धरला. माघातली सकाळ होती. हवेत गारवा होता, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली बाजूला घेतली, खाली उतरून मन भरेपर्यंत नाचून घेतलं, आणि कुणाचं लग्न आहे ते न विचारताच पुढे गेला.

मामा मात्र बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. इंजिन गार होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग त्यांनी पाणी तपासलं. पाणी काठोकाठ होतं. पट्टा तपासला, तोही नीट होता. गळती कुठंच नव्हती. ते स्टिअरिंगवर बसले, चावी फिरवली, काटा खाली आलेला पाहिला, आणि गाडी पुढे निघाली.

थोडं अंतर गेल्यावर तापमानाचा काटा पुन्हा लाल. पुन्हा ब्रेक, पुन्हा बॉनेट, पुन्हा ढोल.

असं होत होत प्रकाशाच्या पुढे येईपर्यंत करवल्यांच्या वेण्या सुटल्या होत्या, ट्रम्पेटवाल्याचे गाल दुखायला लागले होते, आणि वाटेतल्या दोन-तीन गावांनी हे लग्न आपल्याच गावचं समजून नाचून घेतलं होतं. वऱ्हाडाची बस भल्या सकाळीच पुढे गेली होती, ती तळोद्याला पोचून माणसं नाश्ताही करून बसली होती. नवरदेव तेवढा वाटेत होता.

"मामा, मी बॅण्डना गाडीमा बसस," भूपेश शेवटी म्हणाला. "तुम्ही मांगून या."

"बसशी तर खबरदार," मंगलाबाई म्हणाल्या. "ह्या गाडीले नारय फोडेल शे. नवरदेव अर्ध्या वाटमा गाडी बदलस का कोठे?"

म्हणजे तोही मार्ग बंद झाला.

या सगळ्या गोंधळात भूपेशची धाकटी बहीण काजल तेवढी हात आवरून होती. काजल शहाद्याला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. डिप्लोमा झाल्यावर तिनं स्वतः जाऊन ते काम मागून घेतलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. पण आज ती अबोली रंगाच्या साडीत होती, केसांत गजरा होता, आणि "आजना दिवस तरी पाना हातमा धरू नको" असं आईनं तिच्याकडून वचन घेतलं होतं. वचन पाळायचं म्हणून ती प्रत्येक थांब्याला जोरात नाचली. नाचता नाचता मात्र तिचं लक्ष बॉनेटकडेच होतं.

सुंदरबाईच्या चहाच्या टपरीसमोर गाडी थांबली तेव्हा काजलचा धीर सुटला. तिनं पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर सरळ हात ठेवला.

"भाजशी!" मामा ओरडले.

"मामा, हात लावीसन देखा. कोमट शे."

मामांनी बोट लावलं, मग पंजा ठेवला. पाइप खरंच कोमट होता. काजलला वाटलं, झालं, आता मामा मानतील.

"इंजिन तापेल नही, मामा. काटा खोटं बोली ऱ्हायना. त्याले खबर देणारा सेन्सर बिघडना व्हई."

मामांनी मान हलवली. "पाइप गार शे म्हनीसन इंजिन गार शे, असं नही. पानी फिरतंच नही असं व्हयनं तर? इंजिन आत जळस आनि पाइप गारना गार ऱ्हास. तोरणमाळना घाटमा मन्ही जुनी जीप अशीच गई. मीबी तवय पाइपले हात लावीसनच गाडी पुढे दामटी. हेड फुटनं."

मामांची ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशी घाटात काटा लालवर गेला होता, मामांनी पाइप चाचपला, गार लागला म्हणून पुढे निघाले, आणि वळणावर इंजिनानं जीव सोडला. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप आत अडकून बसली होती. जीप भंगारात गेली. त्या दिवसापासून मामा काट्याला देव मानत.

काजलला ते पटलं. मामांचं चुकत नव्हतं. झडप अडकली तर अगदी असंच होतं, वर्कशॉपमध्येही तिनं हे पाहिलेलं होतं. हात लावून सिद्ध होणार नाही. सेन्सरलाच पकडायला हवं.

आता तिला मजा यायला लागली.

"मामा, चावी फिरवा फक्त. गाडी चालू करू नका. काटा देखा."

मामांनी चावी फिरवली. इतका वेळ थांबल्यावर काटा खाली यायचा, या वेळी मात्र तो थेट लालवर जाऊन टेकला. काजलनं इंजिनाच्या कडेला हात घातला, नखाएवढ्या पितळी सेन्सरवरची प्लास्टिकची टोपी दाबून ओढली. वायर सुटली.

"आते?"

"खाले पडना!" गाडीतून मामांचा आवाज आला. "एकदम थंडवर!"

"म्हणजे वायर चांगली, काटाबी चांगला. सेन्सरच वेडा."

"तोंड दाबीसन धरशी तर कोन बोली?" मामा उतरत म्हणाले. "तू वायर काढी, त्यानी बोलनं बंद कयं. पन तो खरं बोली ऱ्हायंता का खोटं, हाई कसं समजनं?"

काजल खदखदून हसली. मामांशी असं भांडायला तिला वर्कशॉपमध्येसुद्धा कुणी मिळत नव्हतं.

तेवढ्यात भूपेशचा फोन वाजला. नवरीचा व्हिडिओ कॉल होता. रंजिता हिरव्या शालूत, बाशिंग बांधून बसली होती, मागे तिच्या मैत्रिणींची गर्दी.

"कोठे शेतस तुम्ही? गुरुजी घड्याळ देखी देखी थकनात."

"सुंदरबाईना चहा पी ऱ्हायनूत," भूपेश कसंनुसं हसत म्हणाला.

"नवरी आठे मांडवमा आनि तुम्ही चहा पी ऱ्हायनात?"

करवल्यांनी फोन हिसकावून घेतला आणि सगळी हकीगत एकाच वेळी, सगळ्यांनी मिळून सांगितली. पलीकडे रंजिताला त्यातलं 'काटा', 'लाल' आणि 'मामा' एवढंच कळलं. पण ते ऐकूनच ती हसायला लागली, आणि तिनं फोन ठेवायला साफ नकार दिला. "चालू राहू दे," ती म्हणाली. "माले देखनं शे."

मग करवल्यांतल्या एकीनं फोन हातात उंच धरला, आणि तळोद्याचा सगळा मांडव सुंदरबाईच्या टपरीवर डोळे लावून बसला.

काजल पिकअपकडे गेली. "मिथुनभाऊ, तुमची गाडी आणि मामांची गाडी एकाच कंपनीची आहे ना? इंजिन सारखंच?"

"सारखंच. का?"

"तुमचा सेन्सर पाहिजे. थोडा वेळ."

"घ्या की. आमचा काटा कुणी बघत नाही."

"आणि मीटर आहे का, वायरी तपासायचं?"

साउंडचं काम करणाऱ्या माणसाकडे मीटर नसेल तर कुणाकडे असणार? मिथुननं हत्यारांची पेटीच उघडून दिली. त्यात पानेही होते. काजलनं आईकडे पाहिलं. मंगलाबाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि मग दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं. तेवढी परवानगी पुरेशी होती.

आधी रेडिएटरचं झाकण उघडायचं होतं. ते मामांनी स्वतः उघडलं, झाकणावर जाड फडकं टाकून, तोंड लांब ठेवून, इंच इंच फिरवत. इंजिन तापलेलं असतं तर आतून वाफ उसळली असती. फुस्सही झालं नाही. मामांच्या भुवया वर गेल्या, हे फोनवर रंजितानंही टिपलं.

"आते सेन्सर काढस," काजल म्हणाली. "काढला की तेवढ्या भोकातून पाणी येईल. कोणीतरी लगेच बोट दाबून धरायचं."

मामा सेन्सर बघत होते. मिथुन दुसरा सेन्सर काढायला पिकअपच्या बॉनेटमध्ये शिरला होता. मंगलाबाईंच्या हातात लाडू होते. राहिला कोण, तर भरजरी फेटा बांधलेला, हळदीच्या हातांचा नवरदेव.

"भाऊ, ये."

"मी?"

"तूच. फेटा सांभाळ."

काजलनं पाना फिरवला, सेन्सर सुटला, कूलंट मिसळलेलं हिरवं पाणी चिळकांडी मारत उडालं आणि भूपेशनं डोळे घट्ट मिटून भोकावर अंगठा दाबला. फोनवर तळोद्यात किंकाळी फुटली. भूपेशनं एक डोळा उघडला.

"कोमट शे!" तो आनंदानं ओरडला. "मामा, आंघोयना पानीसारखं शे!"

"दोन घंटा गाडी थांबी थांबी उनी," मामा म्हणाले. "आते गार व्हईच. चालत्या गाडीनं काय?" पण त्यांचा आवाज थोडा मऊ झाला होता.

पलीकडे पिकअपमध्येही तेच चाललं होतं. तिथलं भोक ढोलवाल्यानं अंगठ्यानं धरलं होतं. आता रस्त्याच्या कडेला दोन बॉनेटं उघडी होती, एका बॉनेटमध्ये नवरदेव वाकलेला, दुसऱ्यात ढोलवाला, आणि दोघं एकमेकांना ओरडून विचारत होते, "धरेल शे का?" "धरेल शे! तुन्हं?" "मन्हंबी!"

"नवरदेव," फोनमधून रंजिताचा आवाज आला, "अंगठा काढू नका हं."

"काढस नही," भूपेश म्हणाला. त्याच्या कपाळावरून मुंडावळ्या इंजिनावर लोंबत होत्या. लग्न ठरल्यापासून दोघं फोनवर फार तर जेवलीस का, झोपलास का एवढंच बोलली होती. आज मात्र त्याला काही सुचायच्या आत तिनं विचारलं, "नाक खाजलं तर कोण खाजवी देस?" आणि तो इतका हसला की अंगठा सुटता सुटता वाचला.

काजल दोन्ही सेन्सर घेऊन सुंदरबाईकडे गेली. सुंदरबाई इतका वेळ गल्ल्यावर बसून हा तमाशा बघत होती.

"बाई, गॅसवर पाणी तापवायचं आहे. त्यात हे दोन बुडवायचे."

"मन्ही चहानी किटलीमा? हाई इंजिनमधलं घाण?" सुंदरबाईनं किटली पोटाशी धरली. "किटलीले हात लावू नको!"

"दुसरं काहीही द्या. जुनी तपेली चालेल."

सुंदरबाईनं बाकाखालून एक काळीठिक्कर तपेली काढली. "हाई कुत्र्याले दूध देवानी. चाली?"

"पळेल," काजल म्हणाली.

तपेलीत थंड पाणी ओतलं, दोन्ही सेन्सरना दोरा बांधून पाण्यात सोडलं. गॅस पेटवायच्या आधी काजलनं मामांना शेजारी बसवलं आणि मीटर त्यांच्याच हातात दिलं.

"मामा, हे साधं आहे. पाणी गार असेल तेव्हा सेन्सर विजेला जास्त अडवतो, मीटरवर मोठा आकडा येतो. पाणी तापेल तसा आकडा खाली खाली येतो. गाडीचा काटा त्याच्यावरच चालतो. जो सेन्सर पाण्याबरोबर आकडा बदलेल तो शहाणा. जो बदलणार नाही तो वेडा."

"आनि माले कसं समजी का पानी किती तापनं?"

"बोट घालून बघा," काजल म्हणाली. "जोवर घालवेल तोवर."

मामांनी आधी बॅण्डच्या सेन्सरला मीटरच्या सुया लावल्या. आकडा हजारांत आला. मग स्वतःच्या गाडीच्या सेन्सरला लावल्या. आकडा आला अगदीच लहान. पाणी गार होतं. रात्रभर माठात राहिलेलं, माघातलं, बोट बधिर करणारं. आणि त्या सेन्सरच्या मते ते उकळत होतं.

मामांनी सुया काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. तोच आकडा. त्यांनी पाण्यात बोट घातलं. मग सेन्सरकडे असं पाहिलं, जसं शाळेतल्या पोराकडे पाहतात.

"गॅस लाव," ते म्हणाले.

सुंदरबाईनं स्वतः गॅस पेटवला. बॅण्डवाल्यांना राहवेना, ताशावाल्यानं तपेलीशेजारी बसून हलक्या हातानं ताशा सुरू केला, पाणी जसं तापत जाईल तशी लय वाढवत. मामा बॅण्डच्या सेन्सरचा आकडा मोठ्यानं वाचू लागले. करवल्या तोच आकडा फोनवर सांगू लागल्या. तळोद्याच्या मांडवात रंजिता तो पुन्हा मोठ्यानं म्हणू लागली. आकडा जसा घसरू लागला तशी तिकडची माणसं प्रत्येक आकड्याला "होऽऽ!" करू लागली. कुणीतरी विचारलं, काय चाललंय, आणि कुणीतरी सांगितलं, नवरदेवाच्या गाडीचा लिलाव चाललाय. मग आचारीसुद्धा हातात झारा घेऊन बघायला आला.

पाण्यातून वाफ यायला लागली. बॅण्डचा आकडा हजारांतून शेकड्यात आला आणि आणखी खाली आला. ताशा आता बेभान झाला होता.

"आते आपला," मामा म्हणाले. त्यांनी सुया बदलल्या.

सगळे मीटरवर वाकले. ताशासुद्धा थांबला.

मामांनी आकडा पाहिला. मीटर डोळ्यांजवळ नेलं. चष्मा वर केला, खाली केला.

"तोच," ते हळूच म्हणाले. "पानी गार व्हतं तवयबी तोच, उकयी ऱ्हायनं तवयबी तोच."

"मामा," काजल म्हणाली, "सकाळपासून तो एकच वाक्य बोलतोय."

मामांचा चेहरा हलला. आधी गाल थरथरले, मग मिशा, मग एवढा मोठा माणूस बाकावर बसून पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्यांनी मीटर सुंदरबाईच्या बिस्किटांच्या बरणीवर ठेवलं. "सकायपासून!" ते म्हणाले. "सकायपासून हाऊ नखाएवढा हरामखोर माले रस्त्यावर नाचाडी ऱ्हायना!"

"आम्हाले नाचाडनं," करवल्या म्हणाल्या. "तुम्ही कोठे नाचनात?"

"ओ!" बॉनेटमधून भूपेश ओरडला. "हात बधिर व्हयना! कोनी येस का?"

"माझाही!" ढोलवाला ओरडला.

मग जरा धावपळ झाली. बॅण्डचा शहाणा सेन्सर पुसून, थोडा गार करून काजलनं मामांच्या जीपमध्ये बसवला. मामांचा वेडा सेन्सर मिथुननं आपल्या पिकअपमध्ये बसवला, निदान भोक तरी बुजावं म्हणून. दोन्ही गाड्यांत पाणी भरलं. अंगठे सुटले. भूपेश आणि ढोलवाल्यानं एकमेकांच्या हिरव्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि कडकडून मिठी मारली. एकाच संकटातून सुटलेली माणसं मारतात तशी.

"आता चालू करा, मामा," काजल म्हणाली.

जीप चालू झाली. काटा तळाशी होता. सगळे खिडक्यांतून आत वाकले. इंजिन घुरघुरत राहिलं आणि काटा हळूहळू, शहाण्या माणसासारखा, वर चढायला लागला. अर्ध्यावर आला, थांबला, आणि तिथंच राहिला. मामांनी ॲक्सिलेटर दाबून गाडी गुरगुरवली. काटा तसाच. झडप अडकली असती तर आता तो सरळ वर गेला असता. मामा खाली उतरले, पाइपला हात लावला. आता पाइप चांगला गरम होता. पाणी फिरत होतं.

"मामा, इकडे या!" मिथुन पिकअपमधून हाक मारत होता. "आमच्या गाडीत बघा!"

पिकअपचं इंजिन अजून सुरूही नव्हतं. मिथुननं फक्त चावी फिरवली होती. आणि पिकअपचा काटा, ज्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तो लालवर छाती काढून उभा होता.

तिथं मामांना पुन्हा हसण्याची उबळ आली. त्यांनी काजलच्या डोक्यावर हात ठेवला, गजरा चुरगळून टाकला. "पोरी," ते म्हणाले, "तोरणमाळले तू मन्हासंगे व्हती ना, तर मन्ही जीप वाचती."

"नाही, मामा. तिथं काटा खरं बोलत होता. तुम्ही थांबायला हवं होतं."

"हाबी खरं शे." मामा अजून हसत होते.

काजलनं मिथुनला सांगितलं, लग्न लागलं की शहाद्याहून नवा सेन्सर आणून बसव, तोवर दर थोड्या अंतरावर पाणी बघ. मिथुननं मान डोलावली आणि काट्यासमोरच्या काचेला झेंडूचं फूल चिकटवलं, कारण तो लाल काटा बघून ट्रम्पेटवाला घाबरत होता.

सुंदरबाईनं सगळ्यांना चहा दिला. किटलीतला, स्वच्छ. मंगलाबाईंनी तिला लाडू दिले, आणि काजलच्या हातावरचं काळं ग्रीस स्वतःच्या रुमालानं पुसलं. "लग्नमा गयानंतर हात मागे धरजो," एवढंच त्या म्हणाल्या, पण म्हणताना त्या हसत होत्या.

मग दोन्ही गाड्या सुटल्या. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं, तरी बॅण्डवाल्यांना चैन पडेना, म्हणून ते चालत्या गाडीतच वाजवत राहिले. उजवीकडे सातपुडा निळा दिसत होता. रस्ता केळीच्या बागांमधून सरळ पुढे जात होता. मामा खिडकीतून हात बाहेर काढून, समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला, ओळखीच्या नि अनोळखी, रामराम करत होते. ऊसतोडीवाले, सायकलवरची पोरं, बैलगाडीवाला, सगळ्यांनी रामराम परत केला. करवल्या मागून मामांना सारख्या विचारत होत्या, "मामा, काटा?" आणि मामा सारखे सांगत होते, "मधोमध!"

तळोद्यात शिरताना मांडवाच्या बाहेर अख्खं गाव उभं होतं. व्हिडिओ कॉलमुळे तिथं आता सगळ्यांना सगळे ठाऊक झाले होते. पोरं ओरडली, "हाऊ मीटरवाला मामा!" "हाई पाना फिरवनारी!" रंजिताच्या काकांनी काजलचा हात हातात घेतला आणि आपल्या घरची मोटार पाणी ओढत नाही, जेवण झाल्यावर बघशील का, असं विचारलं. काजल हो म्हणाली. मंगलाबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मुहूर्त निसटला होता. पण रंजितानं गुरुजींना पुढचा शोधायला लावला होता, आणि तो सापडलाही होता. घाईघाईत अंतरपाट धरला. एका बाजूला भूपेश, एका बाजूला रंजिता. गुरुजींनी घसा साफ करून मंगलाष्टक सुरू केलं.

पहिल्याच कडव्यात अंतरपाटापलीकडून बारीकसा आवाज आला. रंजिता हसत होती. ती ओठ दाबून धरत होती, मान खाली घालत होती, पण बाशिंगाच्या लडी थरथरत होत्या. भूपेशला तो आवाज ऐकू आला आणि त्याचेही खांदे हलायला लागले. करवल्यांनी पदर तोंडात कोंबले. मामांनी आभाळाकडे पाहिलं. गुरुजी थांबले, त्यांनी दोघांकडे रागानं पाहिलं, आणि कडवं पुन्हा सुरू केलं.

पुन्हा तेच. या वेळी भूपेशच आधी फुटला.

"नवरदेव," गुरुजी म्हणाले, "आपण लग्नाला आलात की..." आणि तेवढ्यात त्यांनाच, बॉनेटमध्ये वाकलेला भरजरी फेटा आठवला असावा. त्यांचा सूर फाटला. ते खोकले, पुन्हा सूर धरला, पुन्हा फाटला, आणि मग गुरुजी पोथी तोंडावर धरून हसत सुटले.

अंतरपाट धरणाऱ्या दोघांनाही तो धरवेना. एका टोकानं तो खाली आला. रंजितानं डोळे पुसत, हसत, हार वर उचलला, भूपेशनं मान पुढे केली, आणि सगळ्या मांडवानं, कुणाच्याही 'सावधान'ची वाट न बघता, मुठी भरभरून अक्षता उधळल्या.